दिव्यांगांच्या प्रशिक्षण शाळेचं बांधकाम: आधी काय बघायचं, आणि लेव्हल पुन्हापुन्हा का बघायची

रॅम्प, लिफ्ट, कठडे सगळ्यांच्याच नकाशात असतात, ते सांगत बसत नाही. सांगायचंय ते फिनिश लेव्हलचं, म्हणजे तयार फरशीच्या उंचीचं. मागच्या कामात आमची तीच चुकली.

जोतं 450 मिमी, म्हणून 1:12 ने (एक चढायला बारा लांबी) 5.4 मीटरचा रॅम्प काढला. मग आत मसाला आणि फरशी मिळून 75 मिमी चढले. उंची झाली 525, रॅम्प हवा 6.3 मीटर, आणि पुढे जागाच नाही. अशा वेळी एकतर उतार 1:10 वर येतो, नाहीतर दारात पायरी उरते. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं एवढ्याशा कडेलाही अडतात, माणूस पुढे कलंडतो. उंबरठा 12 मिमीच्या वर नको, तोही तिरका घासलेला. तेव्हा नकाशावर प्रत्येक खोलीची लेव्हल लिहून घ्या, आणि ती तयार फरशीची. स्लॅबची नव्हे.

रॅम्प झाला की 1200 मिमीची सरळ पट्टी उताराच्या दिशेने ठेवा, वर स्पिरिट लेव्हल, आणि खालचं टोक उचलून पट्टी सपाट करा. टोकाखाली 100 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर उतार जास्त आहे. हे तीन ठिकाणी करा. लांबी कमी पडली की गवंडी शेवटच्या मीटरभरात चढ मारून मोकळा होतो. वर दारासमोर 1500 बाय 1500 सपाट जागा हवीच, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घरंगळते.

दारं. ‘मीटरचं दार’ म्हणजे चौकटीचं बाहेरचं माप असतं. चौकटीच्या 60 मिमीच्या दोन बाजू गेल्या की 880 मिमी उरले, उघडलेल्या फळीची जाडी गेली की आणखी कमी. मोकळे 900 हवे असतील तर चौकट 1100 ची मागवा. हँडलच्या बाजूला भिंतीत 450 मिमी मोकळे सोडा, खुर्ची तिरकी लावून दार ओढता येतं.

वर्कशॉपचा कोबा वेगळ्या जाडीचा, पॅसेजची फरशी वेगळ्या जाडीची, दोन्ही वेगवेगळे ठेकेदार टाकतात. सांधा नेमका दारात येतो. पुन्हा लेव्हल!

कामाच्या बाकाखाली गुडघ्यांसाठी 700 मिमी उंच, 750 रुंद, 480 खोल मोकळं हवं. ड्रॉवर नकोत, आडवी पट्टी नको. सुतार सवयीने समोर पट्टी ठोकतोच, आधी बजावा. काही बाकं उंची बदलणारी घ्या. व्हाइस (काम पकडायचा शिकंजा) बसल्या कोपराच्या उंचीला, आणि त्याचा दांडा पूर्ण फिरताना मांडीला लागत नाही ना, हे खुर्चीत बसून बघा. इमर्जन्सी स्टॉप, म्हणजे यंत्र झटकन बंद करायचं बटण, बाकाच्या पुढच्या कडेला. मागच्या भिंतीवर असेल तर बसलेल्याला तो गाठायला फिरत्या यंत्रावरून हात न्यावा लागेल. यंत्रांमधली वाट 1200, वळायला 1500. जमिनीवर केबल नको. धोक्याचा भोंगा पुरत नाही, ऐकू न येणाऱ्यांसाठी प्रत्येक यंत्रापाशी चमकणारा दिवा हवा. टॉयलेटमध्येसुद्धा, तिथे माणूस एकटा असतो.

टॉयलेट 2200 बाय 2000, दार बाहेर उघडणारं, सीट 450 ते 480, एका बाजूला 900 मोकळे. आधाराचे दांडे पोकळ ब्लॉकच्या भिंतीत टिकत नाहीत, पूर्ण वजन पडलं की अँकरसकट उपटतात. ती भिंत टाइल्सच्या आधीच भरीव करा. मदतीच्या घंटीची दोरी जमिनीपासून 300 मिमीपर्यंत यायला हवी. पडलेल्या माणसालाही ती लागते. साफसफाईवाले ती वर गुंडाळून ठेवतात, तेही बघा. आणि हो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून प्लंबर दारात पट्टी उभी करतो. करू देऊ नका. उतार आत जाळीकडे द्या. लेव्हल!

अंध मुलांसाठी: जिन्याच्या 300 मिमी आधी पायाला जाणवणाऱ्या उठावाच्या ठिपक्यांची फरशी, पायऱ्यांच्या कडा उठून दिसणाऱ्या रंगात, जिन्याखालची बुटकी जागा बंद, भिंतीतून 100 मिमीपेक्षा पुढे आलेलं काही नको. अग्निशामक नळकांडंही कोनाड्यात.

पार्किंग 3600 रुंद. पाट्या ब्रेलसकट, हँडलच्या बाजूच्या भिंतीवर, दारावर नको. आगीत लिफ्ट बंद, म्हणून प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी खुर्चीला थांबायला जागा.

शेवटचं बिल देण्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्यांना गेटपासून बाकापर्यंत आणि टॉयलेटपर्यंत एकट्याने जायला सांगा. जिथे अडतील तिथे लेव्हल मोजा.