रग्बीचा स्क्रम: तालमीतून आलेल्या पोरांनी या चुका टाळा

खानापूर-निपाणीकडचा पैलवान पोरगा रग्बीच्या मैदानावर आला की प्रशिक्षकाला आयता प्रॉप (पुढच्या रांगेत कडेला राहून रेटणारा) मिळाल्यासारखं वाटतं. जाड मान, भक्कम मांड्या. पण अंगात मुरलेली सवय आड येते: समोरच्याला खाली ओढायचं. आखाड्यात त्यावर टाळ्या पडतात, इथे मुद्दाम स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांनी वाकून, एकमेकांना धरून रेटायची मांडणी, पाडला की पेनल्टी. पंधराच्या खेळात दोन्हीकडून आठ-आठ जण रेटत असतात, त्यामुळे खाली गेलेल्याच्या मानेवर सगळ्यांचा भार येतो. ही खोड आधी मोडा.

दोष बहुतेकदा हाताच्या पकडीत सापडतो. १ नंबरचा लूजहेड (डाव्या कडेचा प्रॉप) आपला डावा हात समोरच्या टाइटहेडच्या (उजव्या कडेच्या प्रॉपच्या) उजव्या हाताच्या आतून घालतो, टाइटहेडचा उजवा हात बाहेरून येतो. पकड जर्सीच्या पाठीवर किंवा कुशीवर. बाही किंवा दंड धरला की कोपर झुकतं, कोपरामागून खांदा जातो आणि अख्खी रांग तोंडावर आपटते. शिट्टी तर वाजतेच.

कपाळाला कपाळ भिडवणंही विसरा. डोकं समोरच्याच्या डोक्याच्या डावीकडे, हनुवटी छातीपासून सुटी, पाठ सपाट. खांदे कमरेपेक्षा खाली नकोत.

एवढं करूनही स्क्रम कोसळत असेल तर पाय बघा. फार मागे ताणलेले पाय रेटा देत नाहीत, नुसते घसरतात. बेळगावच्या जुलैतल्या चिखलात तर स्टड नसलेले बूट घालून सराव घेऊच नये. स्क्रम गोल फिरत असेल तर प्रॉपनी हुकरला (दोघांच्या मधल्या खेळाडूला) सैल धरलंय का ते तपासा. ९० अंशांपलीकडे फिरला की पुन्हा मांडावा लागतो.

पंचांची हाक २०१३ पासून ‘क्राउच, बाइंड, सेट’ अशी आहे. ‘सेट’आधी धडक दिली की फ्री किक. सलामी झडताच भिडणाऱ्याला हे थांबणं जड जातं, पण चेंडू आत येईपर्यंत रेटायचं नाही म्हणजे नाही. १९ वर्षांखालच्या सामन्यात त्यानंतरही दीड मीटरच्या पुढे ढकलता येत नाही.

  

सगळ्यांत महागात पडणारी चूक मात्र प्रशिक्षकाची: नुसती तब्येत बघून न शिकलेल्या पोराला पुढच्या रांगेत घालणं. तयार खेळाडू नसेल तर न रेटता स्क्रम घ्यायची सोय नियमांत आहे, ती वापरा. लाज कसली त्यात? आणि स्क्रम पडून कुणी मान धरली तर त्याला हाताला धरून उठवू नका. डोकं-मान आहे तशीच स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन लावा.