फोनोग्राफचा पट्टा: सगळी गोम जोडात
एडिसनच्या जुन्या सिलिंडर फोनोग्राफचा, म्हणजे नळकांड्यावरून गाणी वाजवणाऱ्या यंत्राचा, नळकांडं फिरवणारा चामडी पट्टा तुटला, तर रबर बँडवर वेळ मारून नेऊ नका. रबर ताणलं जातं आणि सूर डळमळतो. नव्या पट्ट्याचं माप तुटलेल्या पट्ट्यावरून घेऊ नका, तो सैलावलेला असतो. पुल्यांवरून दोरा फिरवून लांबी मोजा, जोडासाठी दीड-दोन सेंटिमीटर जास्त धरा. चामडं पातळ, एकसारख्या जाडीचं हवं. दोन्ही टोकं विरुद्ध बाजूंनी तिरकी तासा, म्हणजे एकमेकांवर बसल्यावर जाडी वाढत नाही. इथे घाई केलीत, तर जोड पुलीवरून जाताना दर वेळी गाण्याला उचकी लागते! चिकटवायला वाळल्यावरही लवचीक राहणारा गोंद घ्या. शिवण नकोच. रात्रभर दाबून ठेवा.