मफल फर्नेस आणि हळदीची राख, लॅबमध्ये नवीन लागलेल्यांसाठी

बीएस्सी केमिस्ट्री करून सांगलीत एका मसाल्याच्या लॅबमध्ये लागले, तर पहिलंच काम हळद पावडरची टोटल अ‍ॅश, म्हणजे पूर्ण जाळल्यावर उरणारी एकूण राख, काढायचं. मला वाटलं मफल फर्नेस, म्हणजे लॅबची बंद इलेक्ट्रिक भट्टी, ५५० डिग्रीला सेट करायची आणि क्रुसिबल (उष्णता सोसणारी छोटी वाटी) आत ठेवायचं, झालं. २ ग्रॅम हळद थेट तापलेल्या फर्नेसमध्ये ठेवली, भपकन पेटली, पावडर उडून शेजारच्या क्रुसिबलमध्ये गेली, दोन्ही सॅम्पल वाया.

म्हणून आधी फ्यूम हूडमध्ये (धूर बाहेर ओढणारं कपाट) हॉटप्लेटवर धूर पूर्ण थांबेपर्यंत सॅम्पल जाळून घ्या, मगच फर्नेस. राख काळपट राहिली तर थंड करून दोन-चार थेंब डिस्टिल्ड वॉटर घाला, सुकवा आणि परत ठेवा. घाई म्हणून टेम्परेचर मात्र वाढवू नका, हळदीत पोटॅशियम भरपूर असतं, जास्त तापलं की क्षारच उडून जातात आणि रिझल्ट कमी येतो.

खरी गडबड होते वजनात. रिकामं क्रुसिबल पण आधी तापवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं घट्ट झाकणाचं भांडं) थंड करूनच वजन करायचं, आणि मार्करने नंबर टाकलात तर तो जळून जातो, आम्ही फेरिक क्लोराइडने लिहायचो, त्याचा तांबूस डाग राहतो. डेसिकेटरचं झाकण हळूच सरकवा कारण आत व्हॅक्यूम झालेला असतो, एकदम उघडलं की हवा घुसते आणि राख उडते. २ ग्रॅमला २० मिलिग्रॅम उडाले म्हणजे सरळ १ टक्का गेला! उदाहरणार्थ, क्रुसिबल रिकामं २५.१४३२ ग्रॅम, राखेसकट २५.२७६२, म्हणजे राख ०.१३३० ग्रॅम, २ ग्रॅमच्या ६.६५ टक्के. परत अर्धा तास तापवून वजन करा, फरक १ मिलिग्रॅमच्या आत आला की थांबा.

हळद पावडरला एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) मर्यादा टोटल अ‍ॅश ९ टक्के आणि अ‍ॅसिड इन्सोल्युबल अ‍ॅश १.५ टक्के. मला विचाराल तर दुसरा आकडा जास्त बोलका, टोटल अ‍ॅशमध्ये झाडाचे स्वतःचे क्षार पण येतात, पण हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उकळल्यावर जे विरघळत नाही ते बहुतेक माती-वाळूच. त्याला फिल्टर पेपर अ‍ॅशलेसच (जळल्यावर राख न उरणारा) घ्या, गाळलेल्या गाळासकट तो पेपरही जाळायचा असतो, साधा घेतला तर पेपरची राख पण तुमच्या रिझल्टमध्ये जाते, आणि गरम पाण्याने धुत रहा, खालच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर दुधाळ व्हायचं थांबेपर्यंत, म्हणजे अ‍ॅसिड पूर्ण धुऊन गेलं.