तान्ह्या बाळाच्या घशातील जन्मजात गाठ: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तयारी

तान्हे बाळ श्वास आत घेताना सतत घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज करत असेल, दूध ओढताना धाप लागून मध्येच तोंड काढत असेल आणि वजन धरत नसेल, तर सर्दी समजून धुरी-घुटीवर दिवस काढू नयेत. जिभेच्या मुळाशी किंवा स्वरयंत्राजवळ जन्मतःच द्रवाने भरलेली पिशवी, म्हणजेच ही गाठ, असली, तर ती श्वासमार्ग अडवून हीच लक्षणे निर्माण करते. स्वरयंत्र मऊ असण्याच्या, पुष्कळ अधिक आढळणाऱ्या विकाराशी तिची गल्लत होते. म्हणून नाकातून लवचिक दुर्बीण घालून घसा प्रत्यक्ष पाहून घ्यावा. ओठ निळसर पडले किंवा श्वास थांबू लागला, तर तत्काळ १०८ ला फोन करावा.

ही गाठ उघडण्याची किंवा काढण्याची शस्त्रक्रिया अवघड ठरते ती मुख्यतः भूल देताना, कारण श्वासनलिकेत नळी घालण्याच्या वाटेतच गाठ असते. त्यामुळे खानापूर, निपाणी, चिकोडीकडील पालकांनी बेळगावात किंवा अन्यत्र रुग्णालय निवडताना तान्ह्या मुलांचा अतिदक्षता विभाग आणि लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले डॉक्टर तेथे आहेत का, हे आधी विचारावे. गाठ जिभेच्या मुळाशी असल्यास मानेची सोनोग्राफीही आवश्यक आहे, कारण क्वचित गाठ वाटणारा भाग म्हणजे बाळाची एकमेव थायरॉईड ग्रंथी असू शकते.

शस्त्रक्रिया तोंडातून होते, मानेवर छेद नसतो. लेसर, कोब्लेशन (कमी उष्णतेत रेडिओलहरींनी ऊती काढण्याचे तंत्र) किंवा साध्या उपकरणांनी पिशवीचे छत रुंद उघडतात किंवा ती पूर्ण काढतात. नुसते पाणी सुईने ओढल्यास पिशवी पुन्हा भरण्याचा संभव मोठा असतो, तेव्हा नेमके काय करणार, हे स्पष्ट विचारण्यात संकोच नको.

तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी आईला मिळणारे नोंदीचे कार्ड), आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करावी. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असल्यास मराठीत समजावून घेतल्यावरच सही करावी. तो पालकांचा हक्क आहे. भुलीपूर्वी साधारणपणे आईचे दूध ४ तास आणि वरचे दूध ६ तास बंद ठेवतात. नेमकी वेळ डॉक्टर सांगतील तीच पाळावी आणि या काळात घुटीचे बोटही चाटवू नये.

सूज उतरेपर्यंत बाळाला अतिदक्षता विभागात ठेवतात, कधी श्वासासाठी घातलेली नळीही काही काळ तशीच ठेवतात. घरी आल्यावर वजन नियमित करावे, आणि घरघर परतली तर ठरलेल्या तारखेपूर्वीच दुर्बिणीने घसा पुन्हा तपासून घ्यावा.