इंग्लंडात राहून नेमबाजी: लायसन्सच्या आधीच बरंच काही करता येतं

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ आणलं आणि मग लंडनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांचे पण प्रश्न सुरू झाले, की इथे शूटिंग शिकता येतं का, व्हिसावर असताना चालतं का, पोलीस घरी येतील का. तर चालतं, आणि बराच काळ कसलंही लायसन्स न काढता चालतं. फक्त क्रम उलटा करू नका, म्हणजे आधी सर्टिफिकेटचा (बंदुकीच्या लायसन्सला इथे हेच म्हणतात) फॉर्म, मग बंदूक आणि मग बघू आवडतंय का, असं नको.

कायदा कडक आहे हे खरंच. १९९६ ला स्कॉटलंडात डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारात १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या, आणि १९९७ मध्ये हँडगन जवळजवळ सरसकट बंद झाल्या. त्यामुळे राही सरनोबतसारखं २५ मीटर पिस्तूल करायचं डोक्यात असेल तर इथे ते विसरा, १० मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणारं, मात्र आरामात करता येईल. आणि 'सेफ्टीसाठी घरात एक असावी' हे वाक्य तर गमतीत पण कुठे बोलू नका, स्वसंरक्षण हे कारण इथे धरतच नाहीत.

सुरुवात क्ले शूटिंगने करा. मशीनमधून हवेत उडणारी साधारण ११ सेंटिमीटरची चकती शॉटगनने, म्हणजे एका वेळी बरेच बारीक छर्रे सोडणाऱ्या बंदुकीने, फोडायची, एवढंच. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये कलम ११(६) आहे, त्याखाली पोलिसांनी मान्य केलेल्या मैदानावर, त्यांनी मान्य केलेल्या वेळेत, सर्टिफिकेट नसलेला माणूस पण शॉटगन चालवू शकतो. फोन करताना सरळ विचारा की तुमच्याकडे ही सूट आहे का, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी इन्स्ट्रक्टर, बंदूक, काडतुसं, चकत्या सगळं धरून किती होतात. भारतातून भाऊ किंवा मेव्हणा आला असेल तर त्याला पण असंच नेता येतं. एक अट मात्र लक्षात ठेवा, ज्याला तीन महिने किंवा जास्त शिक्षा झालीय त्याच्यावर सुटल्यापासून पाच वर्षं बंदी असते, आणि तीन वर्षं किंवा जास्त झाली असेल तर कायमची.

मैदानावर जायच्या आधी घरीच एक गोष्ट करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटं भोक ठेवा, त्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताचा माणूस आणि मुख्य डोळा डावा असं बऱ्याच जणांचं असतं, हे इन्स्ट्रक्टरला आधीच सांगितलं नाही तर अर्धा तास चकत्या का फुटत नाहीयेत हेच कळत नाही. खांद्याला धक्का बसतो अशी भीती असते, पण तो बहुतेक वेळा दस्ता सैल धरल्यामुळे बसतो. खांद्याच्या खळगीत घट्ट लावा, गाल दस्त्यावर टेकवा, डोकं वर उचलू नका, आणि अंगकाठी बारीक असेल तर २१ ग्रॅमची, म्हणजे हलक्या धक्क्याची, काडतुसं मागा. चकती दिसली की लोक बंदूक तिच्यावर नेऊन थांबवतात आणि मग ट्रिगर दाबतात, तोवर ती पुढे गेलेली असते. बाउंड्रीवर कॅच घ्यायला आपण चेंडू पडणार तिकडे धावतो ना, तसं पुढे राहायचं, आणि गोळी सुटल्यावर पण हात चालू ठेवायचा. आपली पाळी नसेल तेव्हा बंदूक उघडी, म्हणजे मधून दुमडलेली आणि रिकामी, सगळ्यांना दिसेल अशी. यात कुणी हलगर्जी केली तर तिथली शांत दिसणारी म्हातारी मंडळी पण जोरात ओरडतात आणि ते बरोबरच आहे.

रायफलचं वेड असेल तर रस्ता क्लबचा. होम ऑफिसची (म्हणजे इथल्या गृहखात्याची) मान्यता असलेला क्लब शोधा, .२२ चे (म्हणजे बारीक गोळीच्या रायफलीचे) छोटे क्लब गावोगावी असतात, कितीतरी २५ यार्डांच्या इनडोअर रेंजवर चालतात. आधी प्रोबेशन, ते कमीत कमी तीन महिन्यांचं, तेवढ्यात कुणीतरी अनुभवी तुमच्यासोबत असणार आणि क्लब तुमची चौकशी करणार. एकदा पूर्ण मेंबर झालात की क्लबच्या रायफली क्लबमध्ये वापरायला स्वतःचं सर्टिफिकेट लागत नाही, आणि माझ्या मते भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दोन वर्षांनी कुठे बदली होईल माहीत नसलेल्या माणसाने इथेच थांबावं. नुसतं बघायचं असेल तर सरेमधलं बिझ्ली, वॉटर्लूहून ट्रेनने ब्रुकवुडला उतरा. १८९० पासून तिथे नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा होतात, आणि एका रेंजवर तर हजार यार्डांच्याही पुढून नेम धरतात.

एअर रायफलचा नियम लोक अर्धवट ऐकतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पाउंडपर्यंतची (हे छऱ्याच्या जोराचं माप) एअर रायफल आणि ६ पर्यंतचं एअर पिस्तूल १८ पूर्ण असेल तर लायसन्सशिवाय घेता येतं, पण दुकानदाराला ते समोरासमोरच द्यावं लागतं. स्कॉटलंडात २०१६ च्या अखेरपासून सर्टिफिकेट लागतं, म्हणजे एडिंबराला शिफ्ट होताना तशीच गाडीत टाकून नेऊ नका. बागेत मारताना छर्रा कुंपणापलीकडे गेला तर गुन्हा, आणि ती उघडी घेऊन रस्त्यावर फिरलात तर खूपच महागात पडेल. बॅगेत झाकून, सरळ क्लबला, सरळ घरी. आणि हो, दिवाळीत पोरांना टिकल्यांचं काळं पिस्तूल देऊन पार्कात सोडू नका, खरी वाटणारी नकली बंदूक विनाकारण सार्वजनिक जागी नेणं हा पण इथे गुन्हा आहे.

एवढं करूनही स्वतःचीच हवी असेल तर आपल्या भागातल्या पोलिसांकडे अर्ज, डॉक्टरचा रिपोर्ट, ओळख देणारी माणसं, घरी येऊन मुलाखत, भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट. सर्टिफिकेट पाच वर्षांचं. रायफलच्या बाबतीत प्रत्येक बंदुकीसाठी ठोस कारण द्यावं लागतं, कुठल्या क्लबमध्ये किती जाता वगैरे. कपाटाची चावी कुठे असते हे बायकोला पण माहीत असता कामा नये, तिचं स्वतःचं सर्टिफिकेट नसेल तर. महिनाभर भारतात जाणार असाल तर बंदूक रजिस्टर्ड डीलरकडे ठेवून जा.

आणि जायच्या आदल्या दिवशी, शूटिंगला वापरलेलं जॅकेट आणि सॅक पूर्ण उलटी करून झटका. मुंबईला बॅगेत जिवंत काडतूस निघालं तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली केस होते, आणि 'चुकून राहिलं हो' हे सांगायला वकील करावा लागतो. फोडलेलं रिकामं टरफल भाच्याला दाखवायला नेताय, तेही घरीच ठेवा, फोटो दाखवा.