इन्कॉग्निटो लावलं की झालं? ब्राउझिंग करताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात आईसाठी गुडघ्याचा पट्टा बघत होतो, एकाच साईटवर, घेतला पण नाही. दुसऱ्या दिवसापासून बातम्या उघडल्या तर पट्टा, रेसिपी उघडली तर पट्टा, क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलो तर शेजारी परत तोच निळा पट्टा. आई म्हणाली, "अरे, फोन आपलं बोलणं ऐकतो का रे?" म्हटलं ऐकायची गरजच नाही गं. या सगळ्या साईटवर जाहिराती लावणारी कंपनी एकच, तिने माझ्या ब्राउझरला कुकीतून (साईट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटीशी फाइल) एक नंबर चिकटवलाय आणि तो जिथे दिसेल तिथे पट्टा दाखवतेय.

आता चुका. पहिली माझीच, इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोवर भरवसा. ती विंडो बंद केली की हिस्टरी आणि कुकीज फोनवरून जातात, म्हणजे घरच्यांपासून लपतं बस्स. साईटला, ऑफिसच्या नेटवर्कला, इंटरनेटवाल्याला तुम्ही दिसताच. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर केस झाली आणि २०२४ च्या तडजोडीत जमा केलेला डेटा नष्ट करायला कंपनी तयार झाली.

दुसरी चूक, ब्राउझर जसा आला तसाच वापरणं. सफारी २०२० पासून थर्ड पार्टी कुकीज (उघडलेल्या साईटच्या नाही, तर तिथे जाहिराती लावणाऱ्यासारख्या तिसऱ्याच कंपनीच्या) आपोआप अडवतो, फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साईटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो. क्रोमने २०२० मध्ये सांगितलं दोन वर्षांत बंद करतो, मग तारीख पे तारीख, आणि २०२४ मध्ये बेतच गुंडाळला. त्यामुळे क्रोमवाल्यांनी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन थर्ड पार्टी कुकीज स्वतःच ब्लॉक करायच्या.

हे केल्यावर कधीकधी एखादी साईट रुसते, लॉगिन केलं की परत लॉगिनवरच आणून सोडते किंवा पेमेंटचं पान नुसतं गोल गोल फिरत राहतं. तेव्हा वैतागून सगळंच चालू करू नका, तेवढ्या एका साईटला परवानगी द्या आणि पान रिफ्रेश करा.

व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा) घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, त्याने आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता बदलतो, कुकी तिथेच असते. शिवाय स्क्रीनचा साईज, फॉन्ट, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड असं सगळं जोडून कुकीशिवायही ब्राउझर ओळखता येतो, त्याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. 'कव्हर युअर ट्रॅक्स' या साईटवर आपला ब्राउझर किती वेगळा दिसतो ते फुकट तपासता येतं.

आणि प्रायव्हसीच्या नावाखाली ब्राउझरला जोडायची दहा एक्स्टेंशन टाकू नका राव! अव्हास्ट हे अँटीव्हायरसवालं मोठं नाव, पण एक्स्टेंशनमधूनही गोळा केलेला लोकांचा ब्राउझिंग डेटा विकल्याबद्दल अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्यांच्याकडून १.६५ कोटी डॉलर घेतले. जाहिराती अडवणारा एकच चांगला ब्लॉकर पुरे, फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन, क्रोमवर त्याचा लाइट अवतार. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गुगल, मग अ‍ॅड्समध्ये जाऊन अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले फोन ओळखतात तो नंबर) डिलीट करा, दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं सगळं करून माझ्याकडचा पट्टा गेला, पण आईच्या टॅबवर चालूच. डोकं खाजवलं, मग कळलं की टॅबवर गुगल अकाउंट माझंच लॉगिन आहे, तीन वर्षांपूर्वी मीच टाकून दिलेलं. अकाउंटनेच ओळखलं तर कुकी ब्लॉक करून काय उपयोग? गुगलच्या माय अ‍ॅड सेंटरमध्ये पर्सनलाइज्ड जाहिराती बंद केल्या, आईला तिचं वेगळं अकाउंट काढून दिलं. पट्टा मात्र शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणला.