आपल्या पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) वर्ष कसं गेलं, ते गावानं स्वतः कसं तपासायचं

आरोग्य खात्याचं वर्ष एप्रिल ते मार्च. 31 मार्चला सगळ्या रिपोर्टांची बेरीज होते आणि मग पुढच्या एक-दोन महिन्यांत मीटिंगांमधून आकडे ऐकू यायला लागतात, संस्थात्मक प्रसूती (म्हणजे दवाखान्यात झालेली बाळंतपणं) इतके टक्के, लसीकरण इतके टक्के, उद्दिष्ट पूर्ण. मी गावच्या आरोग्य समितीवर आले तेव्हा पहिल्याच बैठकीत एका लसीचं काम 102 टक्के झालं असं वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. घरी येताना डोक्यात आलं की शंभर पोरांपैकी एकशे दोन पोरांना लस कशी देणार? त्या प्रश्नाच्या मागे लागल्यावर जे शिकले ते इथे लिहितेय, तुमच्या गावात करून बघता यावं म्हणून.

आधी कुणाकडे काय असतं ते माहीत पाहिजे. साध्या भागात 5000 लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि 30000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पीएचसी, आदिवासी आणि डोंगरी भागात हेच 3000 आणि 20000. साधारण हजार लोकवस्तीला एक आशाताई. उपकेंद्रात सिस्टर, आरोग्य सेवक, आणि जिथे आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय तिथे सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्राचा महिन्याचा रिपोर्ट पीएचसीत जातो, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेत, आणि हे सगळं एचएमआयएस नावाच्या सिस्टिममध्ये भरलं जातं. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या एचएमआयएस पोर्टलवर जिल्ह्याचे आकडे कुणालाही बघता येतात, पण गावासाठी खरा उपयोग उपकेंद्राच्या रिपोर्टचा आहे, कारण आपल्या ओळखीची माणसं त्याच आकड्यात बसलेली असतात.

आता टक्केवारी. टक्का काढायला खाली एक आकडा लागतो, म्हणजे एकूण किती गरोदर माता अपेक्षित होत्या, किती बाळं अपेक्षित होती. हा आकडा मोजलेला नसतो, हिशोबानं काढलेला असतो. समजा उपकेंद्राची लोकसंख्या 5000 धरली आणि जन्मदर हजारी 15, तर वर्षात 75 जन्म अपेक्षित, त्यात गर्भपात वगैरे धरून साधारण 10 टक्के वाढवायचे म्हणजे 82-83 गरोदर माता. पण ही 5000 लोकसंख्या आली कुठून? शेवटची जनगणना 2011 ची, त्यावर दरवर्षी अंदाजे वाढ धरत आणलेली. तुमच्या गावात एमआयडीसी आली असेल, वीटभट्ट्या असतील, बाहेरून माणसं येऊन राहिली असतील तर खरा आकडा जास्त असणार आणि टक्केवारी सहज शंभरच्या वर जाणार. उलट गावातली तरणी जोडपी पुण्या-मुंबईला गेली असतील तर सिस्टरनं जीव तोडून काम केलं तरी तिचं काम 70 टक्केच दिसणार. म्हणून पहिलं काम हे, की टक्का ऐकला की लगेच विचारायचं, "किती पैकी किती?" आणि तो खालचा आकडा आशाताईच्या घरभेटीच्या सर्वेशी ताडून बघायचा. आशाताईकडे वस्तीवार नोंद असते आणि माझ्या अनुभवात ती हिशोबाच्या आकड्यापेक्षा खरी असते.

इथे एक गोष्ट आपल्याकडची फार महत्त्वाची, जी आकड्यात कुठेच दिसत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी सासरी नोंद करते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तपासणी करते, सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की माहेरी जाते, तिथे बाळंत होते, बाळाच्या पहिल्या लशी तिकडे आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परत सासरी. एका बाईची नोंद दोन ठिकाणी किंवा कधीकधी कुठेच नाही. सासरच्या सिस्टरला वाटतं माहेरी झालं असेल, माहेरच्या सिस्टरला वाटतं ती आपली नाहीच. बाळाच्या जन्मानंतर आशाताईनं घरी यायच्या भेटी ठरलेल्या आहेत, दवाखान्यात बाळंत झाली तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा, घरी झाली तर पहिल्या दिवसाची धरून सात. बाळाला सगळ्यात जास्त धोका असतो तो याच दिवसांत, आणि याच दिवसांत आपली लेक दोन गावांच्या मध्ये असते. म्हणून समितीत विचारा, या वर्षी आपल्या गावातून माहेरी गेलेल्या किती, बाहेरून माहेरपणाला आलेल्या किती, आणि आलेल्यांच्या घरी आशाताई गेली का. आम्ही हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा उत्तर कुणाकडेच नव्हतं, आता आमच्या आशाताई वेगळ्या वहीत लिहितात.

दुसरी अशीच गोष्ट ऊसतोडीची. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातल्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात, म्हणजे आरोग्य खात्याच्या वर्षातला अर्धा काळ ही माणसं गावात नसतात. ऑगस्टमध्ये नोंद झालेली गरोदर बाई डिसेंबरमध्ये साखर कारखान्याच्या तळावर कोप्यात म्हणजे झोपडीत असते. तुमचं गाव कारखान्याच्या बाजूचं असेल तर तुमच्या पीएचसीला विचारा की तळावरच्या बायका आणि पोरं तुमच्या रिपोर्टमध्ये आहेत का, लसीकरणाचं सत्र तळावर झालं का, किती वेळा झालं. आणि तुमचं गाव टोळ्या पाठवणारं असेल तर निघायच्या आधी प्रत्येक गरोदर बाईच्या हातात तिचं माता बाल संरक्षण कार्ड आहे की नाही हे बघा, ते कार्ड घरच्या पेटीत राहिलं तर तिकडच्या सिस्टरला काहीच कळत नाही.

आता कुठले आकडे मागायचे. सगळा रिपोर्ट मागू नका, शेकडो रकाने असतात, बैठक त्यातच संपते. जोडीनं बघायचे आकडे मागा, म्हणजे सुरुवात किती आणि शेवट किती.

गरोदर मातांमध्ये बघा की एकूण नोंद किती, त्यातली पहिल्या 12 आठवड्यांत किती आणि चार तपासण्या पूर्ण किती. नोंद 80, वेळेत नोंद 60, चार तपासण्या 45 असं असेल तर मधल्या 35 बायकांचं काय झालं हा तुमचा प्रश्न. लशीत पेंटाव्हॅलंटचा (पाच आजारांवरची एकत्र लस) पहिला डोस आणि तिसरा डोस बघा, पहिला सहाव्या आठवड्यात असतो आणि तिसरा चौदाव्या. समजा पीएचसीत पहिला डोस 600 बाळांना आणि तिसरा 520 ला, तर 80 बाळं गळाली, म्हणजे 13 टक्क्यांच्या वर. 10 टक्क्यांच्या वर गळती असेल तर ती काळजीची मानतात. या पद्धतीची ताकद मोठी आहे, कारण यात तो हिशोबाचा अंदाजी आकडा लागतच नाही, दोन्ही आकडे मोजलेले असतात. त्यामुळे 102 टक्क्यांच्या मागेही गळती लपलेली असेल तर इथे दिसते.

रक्ताचं मला सगळ्यात जास्त वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं, चौथ्या फेरीत ते 48 टक्के होतं, म्हणजे वाढलंय. मग तुमच्या उपकेंद्राच्या रिपोर्टमध्ये गरोदर बायकांपैकी फक्त चार-पाच जणींचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली दिसत असेल तर आनंद मानू नका, तपासणी नीट होत नाहीये असं समजा, मशिनच्या पट्ट्या संपल्यात का, की नुसतं डोळे बघून आकडा लिहितात, हे विचारा. 7 च्या खाली किती होत्या आणि त्यातल्या किती जणींना उपचार मिळाले हेसुद्धा रिपोर्टमध्ये वेगळं असतं, ते दोन आकडे जवळपास सारखे असायला पाहिजेत. आमच्याकडे एका वर्षी पहिला आकडा 6 होता आणि दुसरा 2. चार बायका. चौघींची घरं कुठे आहेत ते आशाताईला माहीत होतं, त्याच आठवड्यात गाडी करून ग्रामीण रुग्णालयात नेलं.

बीपी आणि शुगरचं तपासताना "तपासणी केली" हा आकडा सोडून द्या. 30 वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करायची असते, शिबिरात ती भराभर होते, फोटो निघतात. विचारायचं हे की ज्यांना बीपी निघालं त्यातले या महिन्यात गोळ्या न्यायला किती आले, आणि आलेल्यांपैकी किती जणांचं बीपी 140/90 च्या खाली आहे. न येण्याचं कारण बऱ्याचदा औषधच असतं, दोनदा चक्कर मारून गोळ्या मिळाल्या नाहीत की म्हातारं माणूस तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून त्याच बैठकीत विचारा की बीपीची आणि शुगरची गोळी वर्षात किती दिवस शिल्लक नव्हती. औषधांची नोंद ई-औषधी सिस्टिममध्ये असते, त्यामुळे उत्तर देता येतं.

माणसांचं विचारताना "पदं भरलीत का" असं विचारू नका, हो म्हणतील. मंजूर किती, भरलेली किती आणि त्यातले दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर किती, असे तिन्ही आकडे मागा. कागदावर आपल्या पीएचसीचा माणूस तालुक्याला बसलेला असतो आणि इथे एकटी सिस्टर दोन उपकेंद्रं सांभाळते.

पैशाचं थोडक्यात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला 10000 रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो, म्हणजे कशावर खर्च करायचा ते समितीनं ठरवायचं. पासबुक बघायला मागा. बरेचदा खर्च झालेलाच नसतो किंवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम झालेला असतो. आणि बाळंत झालेल्या बायकांना घरी जाऊन विचारा की दवाखान्यात काही पैसे द्यावे लागले का, कारण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जायची-यायची गाडी सगळं मोफत आहे. हे चारचौघांत कुणी सांगत नाही, घरी सांगतात.

हे सगळं विचारायचं कुठे? महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं, पहिल्यांदा पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत, पुण्याच्या साथी संस्थेनं ते जुळवून आणलं. त्यात गावकरी हिरवा, पिवळा, लाल अशा रंगात आपल्या दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचे आणि मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी सगळ्यांसमोर ते वाचलं जायचं. तुमच्या भागात जनसुनवाई होत नसेल तरी रंगांची पद्धत वापरा, वाचता न येणाऱ्या आजीलाही भिंतीवरचा लाल ठिपका कळतो. आम्ही वस्तीवार भरतो, गावठाण हिरवं आणि पलीकडची वाडी लाल असं निघतं, गावाची सरासरी काढली असती तर ते दिसलंच नसतं.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, बाळंतपणाचे आणि रक्ताचे विषय तिथेच काढा, मोठ्या सभेत बायका बोलत नाहीत. 1 मे ची ग्रामसभा वेळेच्या दृष्टीनं सगळ्यात बरी, वर्षाचे आकडे तोवर बंद झालेले असतात. पंधरा दिवस आधी पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या की हे हे आकडे घेऊन या, पोच घ्या. सिस्टरला आणि आशाताईला आधी भेटून सांगा की हे तुमच्यावर नाहीये, कारण वरून ओरडा बसतो तो त्यांनाच बसतो, आणि त्या घाबरल्या की पुढच्या वर्षी आकडे अजून गोड होतात. पेशंटची नावं मात्र मागू नका, टीबी, एचआयव्ही, गर्भपात हे तर अजिबात नाही, आपल्याला संख्या पाहिजे.

आकडे दिलेच नाहीत तर माहिती अधिकार आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. "तुमच्या केंद्राची सगळी माहिती द्या" असं लिहू नका, अमुक उपकेंद्र, एप्रिल ते मार्च, मासिक एचएमआयएस रिपोर्टच्या बारा प्रती एवढंच लिहा. दोन रुपये पान, थोड्या पैशांत वर्ष हातात.

आणि ग्रामसभेत जे ठरेल ते ठरावात लिहून घ्या, कुठल्या वाडीत, कुणी, कधीपर्यंत, आणि ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात काढून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. आमच्या वाडीवर महिन्याचं लसीकरण सत्र सुरू झालं ते अशाच एका ठरावानं. आधी तिथल्या बायका पोरांना घेऊन दीड तास चालत यायच्या.